पावसात बदकाची अंडी पेटीत ठेवली: २५ दिवस जिवंत, मग कवचातच मेली. कुठे चुकलं?

पाटाकाठचा
५ ऑगस्ट, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी गुहागरजवळचा. माडा-पोफळीचं छोटं आगर आहे. दोन वर्षांपूर्वी पावसात गोगलगायींनी भाजीचे वाफे साफ केले, तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून चार बदकं आणली. एक नर, तीन माद्या. विकणाऱ्याने खाकी कॅम्पबेल जातीची म्हणून दिली. गोगलगायी दिसेनाशा झाल्या, बदकं मात्र घरची झाली. अंडी भरपूर, पण या माद्या अंडं घालतात आणि मागे वळून बघत नाहीत. पाटात घालतात, चिखलात घालतात, एकदा बाबांच्या गमबुटात घातलं. ते बाबांना पाय घातल्यावर कळलं.

खुडूक बसणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, यांना माहीतच नाही, म्हणून मी उबवायची पेटी केली. मासेवाल्याकडची थर्माकोलची पेटी (तीनदा धुतली, बांगड्याचा वास अजून आहे), ४० वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तापमान सांभाळायला ऑनलाइन मागवलेला डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट आणि दमटपणा दाखवणारं एक स्वस्तातलं मीटर. तापमान ३७.५. व्हिडिओत ५५ ते ६० टक्के आर्द्रता सांगितली होती, म्हणून फरसाणाच्या डब्यांची दोन झाकणं पाण्याने भरून आत ठेवली. मीटर ६० दाखवत होतं. मी खूश.

६ जुलैला १२ अंडी ठेवली. दिवसातून पाच वेळा फिरवली, मोबाइलवर गजर लावून. सातव्या रात्री माजघरातले दिवे घालवून टॉर्चवर बघितली. आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता! आजीला दाखवलं तर तिने हात जोडले. दोन अंडी कोरी निघाली, एकात नुसतंच लाल कडं होतं. तीन काढली, नऊ राहिली. २५ जुलैला पाऊस झोडपत होता तेव्हा पाच तास लाईट गेली. पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. त्यानंतरही टॉर्चवर नऊच्या नऊ हलत होती.

३१ जुलैला फिरवणं बंद केलं, पाणी वाढवलं. २ ऑगस्टला एकाने टोचा मारला, ३ तारखेच्या संध्याकाळी ते बाहेर आलं. बाकीची आठ गप्प. मी वाट बघितली. आज सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसून एकेक फोडलं.

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो, त्यातूनच कुणाला काही कळेल. पूर्ण वाढलेली पिल्लं. पिवळी-काळी लव, चोचीच्या टोकाला तो पांढरा दाणा, पायाची बोटंसुद्धा पुरी. आणि सगळी ओलीचिंब. दुसरं अंडं फोडताना हातावर पाणी ओघळलं. दोघातिघांच्या पोटाबाहेर अजून थोडा बलक होता. सगळी एका माडाच्या आळ्यात पुरली.

आजी म्हणते, विजा कडाडल्या, अंड्यांपाशी लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला नाहीस, दुसरं काय होणार. बाबा म्हणतात, त्या पाच तासांनी मारली. मला वाटतं पाणी कमी पडलं असेल, बदक शेवटी पाण्यातला पक्षी. कुणाला अनुभव?

---

रोहा_रायडर
५ ऑगस्ट, रात्री ११.२०

लाईट गेली तिथेच खेळ संपला भावा. इन्व्हर्टर घे. आणि बदकाला ७० टक्क्यांच्या वर लागते आर्द्रता, तुझी ६० म्हणजे कमीच. पुढच्या वेळी आणखी दोन झाकणं ठेव, रोज स्प्रे मार. माझ्या चुलतभावाने नाशकात असंच केलं, १० पैकी ८ निघाली.

---

बर्फवाला_काका
६ ऑगस्ट, सकाळी ६.१५

स्प्रे मारू नकोस अजून. आधी चार प्रश्नांची उत्तरं दे, मग बोलू.

फोडलेल्या अंड्यांत हवेचा कप्पा, म्हणजे जाड टोकाची पोकळी, केवढी होती? आतलं पापुद्र्यासारखं आवरण चामड्यासारखं सुकलेलं होतं की ओलं, मऊ? पेटीला हवेची भोकं किती, आणि पावसात ती बंद केली होतीस का? ते मीटर कधी तपासलंस का?

---

पाटाकाठचा
६ ऑगस्ट, सकाळी ७.०५

काका, कप्पा लहान होता, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. आवरण ओलं आणि मऊ. भोकं चार पाडली होती, पण गार वारा जातोय असं वाटून दोनांवर चिकटपट्टी लावली. मीटर तपासायचं म्हणजे काय? आकडा दाखवतंय की.

---

बर्फवाला_काका
६ ऑगस्ट, दुपारी २.३०

आकडा तर माझ्या मोटरसायकलचा पेट्रोलचा काटाही दाखवतो.

मी तीस वर्षं रत्नागिरीत मासळीच्या बर्फ कारखान्यात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. कोंबड्या-बदकं नंतरची, हवेतल्या पाण्याशी मात्र आधीपासून ओळख आहे. तुझी पिल्लं पाणी कमी पडून मेली नाहीत, पाणी जास्त होऊन मेली. कवचात बुडाली म्हण.

अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. उबवताना त्यातून आतलं पाणी हळूहळू उडून जायला हवं. बदकाच्या अंड्याचं वजन पहिल्या २५ दिवसांत साधारण १२-१३ टक्क्यांनी घटलं पाहिजे. ७० ग्रॅमच्या अंड्यातून जवळजवळ ९ ग्रॅम. तेवढी जागा रिकामी होते, तीच हवेच्या कप्प्याला मिळते. सव्वीस-सत्तावीसाव्या दिवशी पिल्लू चोच त्या कप्प्यात खुपसतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. मग एक-दीड दिवसाने बाहेरच्या कवचाला टोचा. तुझ्या अंड्यांत कप्पा रुपयाएवढा राहिला. पिल्लाने चोच वर काढली तर पुढे हवाच नाही, आणि वळायलाही जागा नाही. हातावर ओघळलं ते पाणी उडून जायला हवं होतं.

उलटं झालं असतं, म्हणजे हवा फार कोरडी असती, तर कप्पा अर्ध्या अंड्याएवढा दिसला असता आणि पापुद्रा पिल्लाला चिकटून बसला असता. तसं काही तू सांगत नाहीस.

आता व्हिडिओ बनवणारे आणि रायडरचे नाशिकवाले खोटं बोलतात का? नाही. त्यांची हवा वेगळी. पुण्यात हिवाळ्यातल्या दुपारी २८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धर. तीच हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांना तापली की १७-१८ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते, पाणी मात्र आहे तेवढंच असतं. तिथे झाकणभर पाणी ठेवावंच लागतं. आता तुझी जुलैची पडवी घे. २८ अंश आणि ९० टक्के. ही हवा ३७.५ ला तापवली तरी ५३ टक्के उरते. थेंबभर पाणी न ठेवता! म्हणजे तुला हवं ते पाऊसच आणून देत होता, वर तू दोन झाकणं ठेवलीस आणि भोकं बंद केलीस.

भोकांचं दुसरंही. शेवटच्या आठवड्यात पिल्लं मोठी होतात, त्यांना प्राणवायू जास्त लागतो. तेव्हा पट्टी लावणं म्हणजे भरलेल्या एसटीच्या खिडक्या बंद करणं.

पाच तासांच्या लाईटचा दोष फारसा नाही. १९व्या दिवशी पिल्लं बरीच मोठी असतात, स्वतःची ऊब धरतात, त्यात तू गोधड्या टाकल्यास. त्यानंतरही नऊ हलत होती असं तूच लिहिलंयस.

मीटर असं तपास: सोड्याच्या बाटलीच्या बुचात साधं मीठ घे, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं कर, विरघळू देऊ नकोस. ते बूच आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून रात्रभर ठेव. आत ७५ टक्केच होतं, निसर्गाचा नियम आहे. मीटर काय दाखवतं ते इथे सांग.

---

शिरोड्याची_मावशी
६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०

काकांनी सगळं बरोबर सांगितलं, पण बाबा, एवढा खटाटोप कशाला? शेजाऱ्यांकडे खुडूक कोंबडी नाही का? आमच्याकडे कोंबडी रवणीला बसली की तिच्याखाली बदकाची सात अंडी घालायची. गावठी मध्यम कोंबडी, त्याहून जास्त घातली तर कडेची गार पडतात. पाटीत भाताचा पेंढा, खाली चिमूटभर राख. राख कशाला, तर उवा. कोंबडीला उवा झाल्या की ती अर्ध्यात उठते, आणि बदकाला २१ नाही, २८ दिवस लागतात. एक आठवडा जास्त बसायचं तिला. म्हणून रोज एकदा उठवून दाणापाणी करायला लावायचं, नाहीतर वाळून जाते बिचारी.

बदकाचं अंडं जड. कोंबडीला चोचीने नीट फिरवता येत नाही, ते काम आपण करायचं. एका बाजूला कोळशाने खूण करून ठेवायची. ती दाणे टिपायला उठली की तेवढ्यात परतायचं.

आणि ती एकटी पिल्ली कशी आहे? एकटी ठेवू नको. आरसा ठेव समोर.

---

पाटाकाठचा
७ ऑगस्ट, रात्री ९.१०

मावशी, ती माझ्या स्लिपरला आई समजते. चप्पल काढून ठेवली की तिच्यात डोकं घालून झोपते. आरसा लावलाय, आता आरशाशी भांडते.

काका, मीठ-परीक्षा झाली. मीटर ६३ दाखवतंय. बारा टक्के कमी! म्हणजे मी ६० वाचत होतो तेव्हा आत ७२ होती. साडेतीन आठवडे, आणि शेवटी पाणी वाढवल्यावर तर देव जाणे.

बाबांनी ते वाचून एवढंच विचारलं, "मीटर केवढ्याला घेतलंस?" मी उत्तर दिलेलं नाही.

---

बर्फवाला_काका
७ ऑगस्ट, रात्री ९.४५

टाकू नकोस. चुकीचं असलं तरी रोज सारखंच चुकत असेल तर चालतं, बारा मिळवून वाच. स्वस्त मीटरांचं असंच असतं.

पण खरा भरवसा दोन गोष्टींचा. पहिली, ओला थर्मामीटर. साध्या काचेच्या थर्मामीटरच्या बुडाला बुटाची सुती लेस गुंडाळ, तिचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोड आणि पंख्याच्या झोतात ठेव. पेटी ३७.५ असताना ओला काटा २९ च्या आसपास असेल तर आर्द्रता ५५ टक्क्यांच्या जवळ. शेवटचे तीन दिवस तोच ३३ च्या आसपास जायला हवा. आमच्या कारखान्यात हे लेसवाले थर्मामीटर भिंतीवर टांगलेले असायचे, कधी बिघडले नाहीत. बिघडण्यासारखं त्यात आहेच काय.

दुसरी, वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल असेल ना? प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने नंबर आणि वजन लिही. रोज वजनाच्या अर्धा टक्का घट झाली पाहिजे. कमी घटतंय, तर हवा वाढव. जास्त घटतंय, तर पाणी ठेव. अंडंच सांगतं त्याला काय हवंय.

अजून एक विचारतो. अंडी धुतलीस का?

---

पाटाकाठचा
७ ऑगस्ट, रात्री १०.००

धुतली. पाटातल्या चिखलाने लाल झालेली होती. विहिरीच्या गार पाण्याने.

---

बर्फवाला_काका
७ ऑगस्ट, रात्री १०.२०

कोमट अंडं गार पाण्यात घातलं की आतलं आकसतं आणि छिद्रांतून घाण आत ओढतं. धुवायचंच तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने. त्यापेक्षा बदकं सकाळी आठ-नऊपर्यंत खुराड्यातच ठेव. ती पहाटे घालतात, कोरड्या पेंढ्यात स्वच्छ अंडी मिळतील. बाबांचे गमबूटही वाचतील.

साठवतोस कुठे? आठवड्यापेक्षा जुनी घेऊ नकोस, फ्रीजमध्ये ठेवू नकोस, चुलीच्या खोलीतही नको. आपल्याकडच्या उकाड्यात गर्भ अर्धवट जागा होतो आणि मरतो. माठाजवळ, जमिनीलगत, निमुळतं टोक खाली.

---

दिवेआगर_वाडी
८ ऑगस्ट, सकाळी ११.३०

धागा वाचून एक जुनी गोष्ट आठवली. तुमची खाकी कॅम्पबेलच आहेत ना, खात्री करा. लाल खडबडीत तोंडाची, फुसफुसणारी जात असते, मस्कोव्ही. तिला २८ नाही, ३५ दिवस लागतात. हे मला माहीत नव्हतं. ३०व्या दिवशी "मेली असणार" म्हणून मी अंडी खड्ड्यात टाकली. एक फुटलं आणि आतून आवाज आला. त्यानंतर वर्षभर बदकाचं नाव काढलं नाही.

मावशींशी सहमत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे छप्परं गेली, माड-पोफळी आडव्या झाल्या, लाईटचं तर विचारूच नका, कित्येक दिवस नव्हती. पेटी असती तर मेलीच होती सगळी. खुडूक कोंबडी पाटीसकट माजघरात आणली, ती ढिम्म हलली नाही.

---

रोहा_रायडर
८ ऑगस्ट, दुपारी १.००

काका, ७० टक्के म्हणालो ते शेवटच्या दिवसांचं होतं हो. 🙏

---

पाटाकाठचा
२२ सप्टेंबर, पहाटे ५.३०

काका, मावशी, मी रात्रभर जागा आहे, म्हणून आत्ताच लिहितो.

२४ ऑगस्टला दुसरी खेप ठेवली. १० अंडी, पाच दिवसांच्या आतली, माठामागे ठेवलेली. पाण्याची झाकणं बाहेर, भोकं चारही उघडी. आठवड्याने एक कोरं निघालं ते काढलं. उरलेल्या नऊंचं सुरुवातीचं वजन ६४८ ग्रॅम. पहिल्या आठवड्यात २२-२३ ग्रॅम घटायला हवी होती, घटली १५. म्हणजे पाण्याचा थेंब नसतानाही आमची हवा जास्तच ओली! आणखी दोन भोकं पाडली आणि पेटी पडवीतून माजघरात आणली. तिथे चुलीच्या भिंतीमुळे हवा जरा कोरडी असते. मग घट रोजची साडेतीन-चार ग्रॅमवर आली. २५व्या दिवशी काट्यावर ५६७. हिशेब केला, बरोबर साडेबारा टक्के. वही घेऊन आजीला दाखवायला गेलो, ती म्हणाली, खिळा मी ठेवलाय पेटीखाली, त्याचं वजन धरलंस का.

मधे गणपती होते. घर मुंबईकरांनी भरलेलं, पोरं दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायची. ओरडलो, मग सोडून दिलं. काकांनी नंतर फोनवर सांगितलं की बदकी स्वतः रोज उठून चरायला जाते तेव्हा अंडी दहा-पंधरा मिनिटं गार होतातच, त्याने बिघडत नाही.

१८ सप्टेंबरला फिरवणं बंद. आता मात्र पाणी ठेवलं, ओलं फडकंही. मीटर ६०, म्हणजे खरे ७२. लेसवाला काटा ३३. त्या रात्री टॉर्च लावला तर हवेच्या कप्प्याची रेघ तिरकी झालेली आणि तिथे काहीतरी सावलीसारखं हलत होतं. मोबाइल कानाला लावतो तसं अंडं कानाला लावलं. आतून टिक, टिक. मग अगदी बारीक चिवचिव, बंद दाराआडून येते तशी.

२० तारखेच्या संध्याकाळी पहिला टोचा. आणि मग काहीच नाही! रात्र गेली, सकाळ गेली. टवक्यातून चोचीचं टोक दिसतंय, श्वास चालू, पण पुढे सरकत नाही. मी चिमटा घेऊन बसलो होतो. मावशींना व्यक्तिगत निरोप टाकला, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "घाय करू नको, येतला ता." पापुद्र्यावर लाल शिरा दिसत असेपर्यंत हात लावायचा नाही, रक्त येतं, आणि पोटातला बलक ओढून घ्यायला त्याला वेळ हवा असतो, हे त्यांनी दुपारी सविस्तर सांगितलं. चिमटा बायकोने लपवून ठेवला तो अजून सापडलेला नाही.

काल रात्री साडेदहाला, टोचा मारल्यापासून २८ तासांनी, ते पिल्लू आतल्या आत गोल फिरू लागलं. डब्याचं झाकण कापावं तसं जाड टोकाला एकेक टवका काढत गेलं, मधे दमून थांबायचं. मग पाय ताणून एक धक्का, आणि टोपी उडाली. ओलं, कुरूप, मान धरवत नाही असं. त्याच्या आवाजाने शेजारची दोन हलायला लागली. आत्तापर्यंत सहा झालीत. सातव्याने निमुळत्या टोकाकडून टोचा मारलाय, म्हणजे उलटं बसलंय. उरलेल्या दोनांत आवाज नाही.

सातव्याचं काय करू?

---

शिरोड्याची_मावशी
२२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

श्वास घेतंय ना? मग एक दिवस बघ. नाक उघडं आहे का तेवढं तपास, चोचीवर पापुद्रा ताणलेला असेल तर ओल्या कापसाने बाजूला कर. उलट्या बाजूने आलेली बरीचशी अडकतात, पण सगळी नाही. पापुद्रा पांढरा पडला आणि शिरा नाहीशा झाल्या की मग टवके काढ, थोडे काढायचे, तासभर थांबायचं, पुन्हा थोडे. रक्ताचा ठिपका दिसला की हात मागे.

बाकीच्यांना वाळेपर्यंत पेटीतच राहू दे. एक दिवस खाणं नाही मिळालं तरी चालतं, पोटात बलक असतो.

---

अलिबाग_चौल_रस्ता
२२ सप्टेंबर, सकाळी ९.१५

अभिनंदन! आता माझी चूक करू नका. गेल्या पावसात माझी ११ पिल्लं एका आठवड्यात गेली, रोग समजून औषधं देत बसलो. कारण निघालं शेंगदाण्याची पेंड. गोणीच्या तळाला बुरशी होती, मला वाटलं थोडी चालेल. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, त्याला बदकाची पिल्लं फार नाजूक असतात, कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की अशाच पेंडीने मेली, बदकाची पिल्लंही, त्यानंतर हे विष शोधलं गेलं. आपल्याकडे पावसात पेंड, मका, तांदळाची कणी, सगळ्यालाच बुरशी धरते. वास आला तर टाका, उन्हात वाळवून उपयोग नाही, विष जात नाही.

कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य चालेल, औषध घातलेलं घेऊ नका. बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, नाहीतर पाय फेंगडे होतात. मी खाद्यावर थोडं ब्रूअर्स यीस्ट टाकतो, कधी ताज्या माशाची डोकी उकडून, काटे काढून देतो. सुकट देऊ नका, मिठाने मरतात.

पाण्याचं भांडं असं, की चोच नाकापर्यंत बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. नाक धुता आलं नाही तर डोळे चिकटतात. पाटात सोडू नका एवढ्यात. आईच्या अंगाला घासून पिसं तेलकट होतात, पेटीतल्यांना ते तेल मिळत नाही. भिजून गारठतात. पहिला आठवडा ३२ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

---

बर्फवाला_काका
२२ सप्टेंबर, सकाळी १०.००

९ पैकी ७ झाली तर आपल्या हवेत उत्तम. उरलेली दोन फोडशील तेव्हा कप्पा मोजून इथे लिही. आणि नोव्हेंबरात पुन्हा ठेवशील तेव्हा याच आकड्यांवर जाऊ नकोस. तोपर्यंत हवा फिरलेली असेल, झाकणभर पाणी परत लागेल. काटा सांगेल.

---

पाटाकाठचा
२४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२०

सातवं आलं! २३ च्या दुपारी. शेवटचे चार टवके मी काढले, रक्त नाही. एक पाय जरा आत वळलाय, पण चालतं. उरलेल्या दोनांत एक विसाव्या दिवसाच्या आसपास गेलेलं दिसतं. दुसरं पूर्ण वाढलेलं, पण चोच पंखाखाली नव्हती, पायांमध्ये होती. कप्पा मोठा होता, काका, बोटाची दोन पेरं जातील एवढा. म्हणजे हवा नडली नाही.

जुनी, स्लिपरवाली, आता सात आठवड्यांची आहे. या सातांना बघून आधी पळाली, मग परत येऊन प्रत्येकाला एकेकदा चोच मारली. आज सकाळी त्यांच्यात बसली होती. माझी स्लिपर खळ्यात एकटी पडून होती.

आणि तिचा आवाज फुटलाय, मोठ्याने क्वॅक करते, म्हणजे मादीच. नराचा आवाज बसलेला, घोगरा राहतो ना? पाच-सहा माद्यांना एक नर पुरे, माझ्याकडे एक आहेच. या सातांत जे नर निघतील ते द्यायचे आहेत. गुहागर-चिपळूण पट्ट्यात कुणाला गोगलगायींचा त्रास असेल तर सांगून ठेवा, दीड-दोन महिन्यांनी आवाज फुटला की कळवतो. पैसे नकोत, फक्त पेटी घेऊन या. थर्माकोलची नको.